अनुदानाचा हिशेब कोणी घ्यावयाचा?

(वडगाव मावळ येथे पालक व शिक्षक कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा सारांश)



सरकारी शिक्षण-अनुदानावर देखरेख असावी की नसावी, हा वादाचा विषय नाही. पैसा जनतेचा आहे. त्याचा हिशेब झालाच पाहिजे. वाद आहे तो हिशेब कोणी घ्यावा आणि हिशेब घेणाऱ्याने शाळेच्या पाठीशी उभे राहावे की नाही, याविषयी.

हा प्रश्न जुना आहे. 1854 च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची पद्धत या देशात आणली. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा फुले यांनी तिच्या वर्मावरच बोट ठेवले. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणखर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांनी सांगितलेच. शिवाय, डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वर्षातल्या एका भेटीने काही साधत नाही, निदान तिमाहीस तपासणी व्हावी आणि अधूनमधून आगाऊ वर्दी न देताही व्हावी, असे सुचविले. मात्र निकाल पाहून पैसे देण्याची रीत गरीब व अशिक्षित समाजाला मानवणारी नाही, असेही बजावले. देखरेख कडक हवी, पण तिने दुर्बळाला दंड करू नये, असा त्याचा अर्थ.

देखरेखीची गरज कोण नाकारील? ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा लाखो विद्यार्थी केवळ हजेरीपटावरच असल्याचे उघडकीस आले. तोवर कागद बिनचूक होते! प्रत्यक्ष डोकी मोजली, तेव्हाच खोटेपणा दिसला. आणि वाडीवरच्या शाळेत रोज किती मुले बसतात, हे त्या वाडीतील आईबापांहून अधिक कोणास ठाऊक असणार?

आता आधाराची बाजू पाहू. समग्र शिक्षा योजनेत शाळेला मिळणारे वार्षिक संयुक्त अनुदान पटसंख्येवर ठरते. 30 पर्यंत मुले असल्यास कमाल 10 हजार रुपये, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार. अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, स्थिर खर्च माणसे घटली म्हणून घटत नाही. आंदर मावळ, नाणे मावळ किंवा पवन मावळातल्या एखाद्या कातकरी वा ठाकर वाडीवर 15 मुले असली, म्हणून तेथील छप्पर निम्म्या पावसात भिजत नाही. विजेचे बिल, खडू, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, सारे या 10 हजारांतच. त्यातही निधी वर्षअखेरीस आला, तर मार्चच्या घाईत विनियोग प्रमाणपत्र तयार होते. छप्पर मात्र जूनमध्ये गळते.

अशा उपासमारीने शाळा रोडावते, पट घसरतो, आणि मग घसरलेला पट हेच शाळा गुंडाळण्याचे कारण ठरते. 2023 मध्ये 20 वा त्याहून कमी पटाच्या सुमारे 15 हजार शाळांसाठी समूहशाळेचा विचार पुढे आला, तो या संदर्भात पाहिला पाहिजे. डोंगराळ भागात शाळा दूर गेली की प्रथम मुलगी घरी बसते. ही बचत कोणाच्या खिशातून होते, ते वेगळे सांगावयास नको.

उपाय कायद्यातच आहे. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे व शाळेचा विकास आराखडा करणे, ही तिची कर्तव्ये होत. परंतु जेथे समिती केवळ सहीपुरती उरते, तेथे हिशेब वर पंचायत समितीकडे आणि तेथून जिल्ह्याकडे चढत जातो. खाली गावाकडे कधीच उतरत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या धराव्यात. पहिली, अनुदान पावसाळ्यापूर्वी शाळेच्या हाती पडावे. दुसरी, लहान व दुर्गम शाळांना पटापलीकडे इमारत व अंतर पाहून किमान रक्कम मिळावी. तिसरी, जमाखर्च शाळेच्या भिंतीवर लागावा व ग्रामसभेत वाचला जावा. पहिल्या दोन सरकारकडून मिळवावयाच्या आहेत; तिसरीची सुरुवात येत्या ग्रामसभेपासून आपणच करू शकतो. ज्या गावाने स्वतः हिशेब वाचला, त्यालाच अधिक पैसा मागण्याचा नैतिक अधिकार पोहोचतो.