रिसीव्हर आणि गालिचा

पानिपत म्हटले की मराठी माणसाला १४ जानेवारी १७६१ चा दिवस आठवतो. आजचे पानिपत मात्र विणकरांचे गाव आहे. तेथील गालिचे, पडदे व ब्लँकेटे देशभर जातात. अशा गावातल्या एखाद्या दिवाणखान्यात होम थिएटर आले, तर त्याच्या नादाची बरीचशी जबाबदारी गावच्याच मालावर पडते.

या सरंजामाचा कारभारी म्हणजे सराउंड साउंड रिसीव्हर. चित्रपटाबरोबर सांकेतिक रूपाने आलेला ध्वनी उलगडणे, तो ज्याचा त्या स्पीकरला वाटून देणे आणि त्याला बळ पुरवणे, ही त्याची कामे. ‘५.१’ या आकड्याचा अर्थ सोपा आहे. समोर डावा, मधला व उजवा, ऐकणाऱ्याच्या दोन्ही अंगांना किंचित मागे दोन, असे पाच स्पीकर. आणि दशांशचिन्हापुढील एक म्हणजे केवळ खर्ज सांभाळणारा सबवूफर. कल्पना जुनीच. १९४० च्या ‘फँटेशिया’ चित्रपटासाठी अमेरिकेत अशी व्यवस्था प्रथम उभारली गेली. २०१२ साली आलेल्या डॉल्बी ॲटमॉसने तीत डोक्यावरच्या ध्वनीची भर घातली.

विक्रेता बहुधा आधी वॉट सांगतो. पण वॉट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो तो अवघा ३ डेसिबल. खरे मोल आहे ते खोली मोजण्याच्या सोयीला. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. बसण्याच्या जागी छोटा मायक्रोफोन ठेवला, की रिसीव्हर प्रत्येक स्पीकरचे अंतर ताडतो आणि जवळच्याला क्षणभर थोपवून धरतो. साऱ्यांचा आवाज मग एकाच वेळी कानी येतो.

दुसरी सोय मधल्या स्पीकरची. संवाद बहुतांशी तेथूनच येतात आणि त्याची पातळी वेगळी वाढवता येते. तोफांचा गडगडाट ऐकू येतो पण शब्द कळत नाही, म्हणून वडीलधारी माणसे उठून जातात, अशा घरांत ही सोय सर्वांत मोलाची. रात्री मोठ्या व हळू आवाजांतले अंतर कमी करणारी योजनाही असते.

तथापि उघडी फरशी आणि गुळगुळीत भिंती यांवरून शब्द परतून येतात व एकमेकांत मिसळतात. तो घुमारा रिसीव्हरच्या गणिताने पुरता जात नाही. तेथे स्पीकर व श्रोता यांच्यामध्ये जाड गालिचा आणि खिडकीला जड पडदा हवा. खर्ज मात्र गालिच्याला जुमानत नाही. तो भिंतीपलीकडे शेजाऱ्याकडेही जातो. सबवूफर कोपऱ्यातून थोडा पुढे ओढावा आणि त्याचा आवाज आवरावा, हेच बरे.

म्हणून खरेदीच्या वेळी दुकानात लढाईचा प्रसंग लावून पाहू नये. दोन माणसे हळू बोलत आहेत, असा प्रसंग लावावा. त्यांचा शब्द न् शब्द कळला, तर यंत्र घरी आणण्याजोगे आहे. आणि ते घरी आल्यावर पहिला खर्च आणखी एका स्पीकरवर न करता गालिच्यावर करावा.