मोदेनाच्या वाटेवर

इटलीतल्या मोदेना परिसरात फेरारी, लॅम्बोर्गिनी, मासेराती, पगानी हे कारखाने एकमेकांच्या जवळच आहेत. ओरासिओ पगानी हा अर्जेंटिनाचा तरुण १९८३ साली तिथं आला आणि लॅम्बोर्गिनीत अगदी खालच्या पायरीवर रुजू झाला. कार्बन फायबरचे भाग उष्णता आणि दाब देऊन पक्के करणारं यंत्र, म्हणजे ऑटोक्लेव्ह, कंपनीनं घ्यावं असा त्याचा आग्रह होता. नकार मिळाला, तेव्हा त्यानं कर्ज काढून ते स्वतः विकत घेतलं! १९९९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात त्याची स्वतःची झोंडा गाडी झळकली. ही जिद्द मला फार मोलाची वाटते.

आज त्याच भागातली विद्यापीठं आणि हे कारखाने मिळून ‘म्युनर’ या संस्थेत वाहन अभियांत्रिकीचं पदव्युत्तर शिक्षण इंग्रजीतून देतात.

या क्षेत्रात काम करायचं असेल, तर आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजातच ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेच्या संघात शिरावं. तिथं एका आसनाची रेसिंग कार स्वतः बांधावी लागते, शिवाय तिचा आराखडा आणि खर्च परीक्षकांपुढं पटवून द्यावा लागतो. मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेसोबत या कामाची वहीही जवळ ठेवा: कुठला भाग मोडला, का मोडला, नंतर काय बदललं.