चिंगलान : एका परिचारिकेचे स्मरण

(परिचारिका दिनानिमित्त कोल्हापूर येथे झालेल्या सभेतील भाषण)



१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. आजच्या दिवशी त्यांच्यावर बोलावे असा प्रघात आहे. तो मी मोडतो आहे, याबद्दल संयोजकांनी क्षमा करावी. नाइटिंगेलबाईंचे स्मरण करायला जग समर्थ आहे. मला ज्या परिचारिकेविषयी बोलायचे आहे तिचे स्मरण करण्याची जबाबदारी मात्र विशेषेकरून महाराष्ट्रावर आहे, कारण ती महाराष्ट्राची सून होती.

महाविद्यालयात शिकवीत असताना मी दरवर्षी पहिल्या तासाला एक खोडसाळ प्रश्न विचारीत असे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस कोण, हे कोणाला ठाऊक आहे? पंधरा-वीस हात वर येत. मग मी विचारी, त्यांच्या पत्नीचे नाव काय? हात खाली जात. कोणीतरी मागच्या बाकावरून 'चिनी होती' एवढे सांगे. अर्थशास्त्राच्या तासाला हा प्रश्न कशासाठी, असे मुलांना वाटत असणार. त्याचे उत्तर मी शेवटाकडे देईन.

तिचे नाव कुओ चिंगलान. जन्म १९१६ चा, चीनच्या शान्सी प्रांतातला. परिचर्येचे शिक्षण घेऊन ती पेकिंगच्या एका मोठ्या रुग्णालयात काम करू लागली. १९३७ मध्ये जपानने ते शहर घेतले. शहरात राहून पगार घेत नोकरी करणे तिला शक्य होते. पुष्कळांनी तेच केले, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या सुमारास कॅथलीन हॉल नावाची न्यूझीलंडची एक मिशनरी परिचारिका खेड्यातल्या आपल्या दवाखान्याच्या नावावर पेकिंगमधून औषधे खरेदी करी आणि जपानी पहारे चुकवून ती डोंगरात डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्याकडे पोचवी. औषधांबरोबर तिला माणसेही हवी होती. १९३९ मध्ये चिंगलान तिच्याबरोबर शहर सोडून निघाली. पुढे जपान्यांनी हॉलबाईंचे मिशन जाळले आणि चिंगलान एट्थ रूट आर्मीत दाखल झाली. येथवरच्या हकिकतीत कोटणीस कोठेही नाहीत, हे आपण ध्यानात ठेवावे. ती कोणाची पत्नी म्हणून युद्धात गेली नाही. एक परिचारिका दुसऱ्या परिचारिकेच्या हाकेला ओ देऊन गेली.

कोटणीसांची कथा आपल्याला माहीत आहे, म्हणून मी ती धावती सांगतो. सोलापूरला १९१० मध्ये जन्म. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण. ज्या सोलापूरने १९३० चा लष्करी कायदा पाहिला आणि १९३१ च्या जानेवारीत चार हुतात्मे दिले, त्या गावचा हा तरुण. १९३८ मध्ये, सुभाषबाबू अध्यक्ष असताना, काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक धाडले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. स्वतः गुलामीत असलेल्या देशाने दुसऱ्या आक्रमित देशाला वर्गणी काढून मदत पाठवावी, ही गोष्ट आजच्या आपल्या परराष्ट्रधोरणाच्या चर्चेत स्वप्नवत वाटते. चीनमध्ये असतानाच वडील निवर्तल्याची बातमी त्यांना मिळाली. तरी ते मागे फिरले नाहीत.

बेथ्यून १९३९ च्या नोव्हेंबरात गेले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष झाला. पुढच्या वर्षी त्यांच्या समाधीच्या समारंभाला कोटणीस आणि बसू आले. तेथे चिंगलानने कोटणीसांना प्रथम पाहिले. हा परदेशी डॉक्टर चिनी भाषा बोलतो, थोडी लिहितोही, याचे तिला फार कौतुक वाटले. बेथ्यून यांच्या नावाने चाललेल्या वैद्यकीय शाळेत ती परिचर्या शिकवीत असे, आणि कोटणीस तेथे शल्यक्रिया शिकवू लागले. १९४१ च्या प्रारंभी ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांचा विवाह झाला.

आता 'रुग्णालय' हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढे सी.पी.आर.ची दगडी इमारत येईल. तसे काही नव्हते. खेड्यातली घरे, त्यांतल्या मातीच्या खाटा, आणि शत्रू जवळ आला की रुग्णांना डोलीत घालून दुसऱ्या खेड्यात हलवायचे, याला रुग्णालय म्हणत. वेढ्यामुळे औषधे मिळत नसत. शल्यविशारदाचे काम जखम शिवून झाली की संपते. तेथून परिचारिकेचे सुरू होते. पट्ट्या धुणे, उकळणे, वाळवणे, पुन्हा बांधणे. ताप मोजणे. खेड्यातल्या मुलामुलींना, ज्यांतल्या कित्येकांनी शाळा पाहिली नव्हती, हे सारे शिकवून तयार करणे. कोटणीसांनी शेकडो शस्त्रक्रिया केल्या, हे चरित्रकार अभिमानाने सांगतात आणि ते योग्यच आहे. पण त्या प्रत्येक शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री कोणी जागवल्या, याची नोंद कोणी ठेवली नाही.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला. त्या विभागाचे सेनापती न्ये रुंगचेन यांनी त्याचे नाव यिनहुआ सुचविले. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. मूल जेमतेम साडेतीन महिन्यांचे होते तेव्हा, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२. चिंगलान तेव्हा २६ वर्षांची होती.

येथे आपल्या कोल्हापूरचा संबंध येतो. ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांवर पुस्तक लिहिले आणि त्यावरून आपल्या गावच्या व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. कोटणीस ते स्वतः झाले आणि चिंगलान झाल्या जयश्रीबाई. ज्या माणसाने १९२९ मध्ये याच गावात चार सहकाऱ्यांसह प्रभात उभी केली, त्याच्या हातून हा विषय सुटला नाही याचे मला कोल्हापूरकर म्हणून समाधान आहे. चित्रपटाच्या अखेरीस ती बाळाला घेऊन सोलापूरच्या घरी येते आणि प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतात. चित्रपट म्हणून तो शेवट प्रभावी आहे, यात शंका नाही. मात्र तो आपल्या समजुतीचा शेवट आहे. पती गेला म्हणजे विधवेने सासरी यावे आणि तिची कथा तेथे संपावी! खरी चिंगलान तशी आली नाही. जपानशी युद्ध आणखी पावणेतीन वर्षे चालायचे होते आणि जखमी येतच होते.

यानंतर ती सत्तर वर्षे जगली. या सत्तर वर्षांविषयी आपल्याकडे दोन ओळींपलीकडे कोणी लिहीत नाही. तिने पुढे दुसरा विवाह केला, त्या संसारात तिला एक मुलगा आणि एक मुलगी झाली, आणि उत्तरायुष्य दालियान या बंदराच्या शहरी गेले. हे सांगताना आपल्याकडचे काही वक्ते आवाज खाली आणतात, असे मी पाहिले आहे. का आणावा? महर्षी कर्व्यांच्या आणि शाहू महाराजांच्या महाराष्ट्रात विधवाविवाहाचे समर्थन करायला आवाज खाली आणावा लागत असेल, तर दोष चिंगलानचा नव्हे.

यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत होता. पदवी हाताशी आली असता १९६७ मध्ये तो गेला. आपल्या वडिलांहूनही कमी वय त्याला लाभले. ज्या दोन देशांची नावे त्याच्या नावात होती ते दोन्ही देश १९६२ मध्ये एकमेकांशी लढले, आणि ते त्याने पाहिले. चीनच्या राजवटीशी आपले मतभेद तीव्र आहेत आणि ते लपविण्याचे कारण नाही. तरीसुद्धा ही बाई भारतातल्या कोटणीस कुटुंबाशी नाते राखून राहिली, अनेकदा भारतात येऊन गेली, आपल्या आठवणी तिने पुस्तकरूपाने सांगितल्या. दोन सरकारांचे बिनसले की बोलणी पुन्हा सुरू करताना मुत्सद्द्यांना कोटणीसांचे नाव लागे आणि तिला मेजवान्यांना बोलावले जाई. तेथेही ती 'डॉ. कोटणीस यांच्या पत्नी' म्हणूनच बसे. ती स्वतः त्या युद्धात सेवा केलेली सैनिक होती, हे किती यजमानांच्या ध्यानात असेल?

आता माझ्या त्या प्रश्नाकडे येतो. अर्थशास्त्रात विल्यम बॉमोल यांचा एक सिद्धान्त आहे. कारखान्यात यंत्रे आली की एका कामगाराच्या हातून दहापट माल निघतो. पण जखमेची पट्टी नीट बांधायला १९४१ मध्ये जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. माणसाने माणसाची काळजी घेण्याच्या कामाला यंत्राने फारशी गती देता येत नाही. म्हणून इतरत्र वेतने वाढतात तशी या क्षेत्रात वाढवायची तर समाजाला अधिक खर्च सोसावा लागतो. मग समाज काय करतो? तो या कामाला 'सेवा' म्हणतो, 'त्याग' म्हणतो, 'मातृत्व' म्हणतो आणि वेतनाचा प्रश्न मिटवून टाकतो. २००५ पासून आपल्या खेड्यांत आशा भगिनी काम करीत आहेत. महासाथीत त्या दारोदार हिंडल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. सरकारदप्तरी मात्र त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत, आणि त्यांना मिळतो तो पगार नव्हे, मोबदला. शब्दांची ही निवड निरागस नाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला त्यात हिशेब दिसतो.

थोडे घरातले सांगतो. माझी आत्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. चौतीस वर्षे नोकरी. तिच्या हातून किती बाळंतपणे झाली याची मोजदाद तिच्याकडेही नव्हती. निवृत्तीनंतर ती नातवंडांत रमली; शेंगदाण्याचे लाडू करी, आणि गुडघा फुटला की नातवाला ओरडायच्या आधी जखम धुवी. ती गेली तेव्हा शोकसभेत एकामागून एक माणसे बोलली. प्रेमळ आजी, सोशिक सून, सुगरण. मीही बोललो आणि मीही तेच बोललो. रात्री घरी आल्यावर माझ्या पत्नीने विचारले, "आत्यांच्या नोकरीबद्दल तुमच्यापैकी एकही जण का बोलला नाही हो?" मला उत्तर देता आले नाही. प्रेमळ आजी ती होतीच. पण त्या चौतीस वर्षांतल्या रात्रपाळ्या आमच्या कोणाच्याच आठवणीत नव्हत्या, कारण रात्री आम्ही झोपलेले असू.

सोलापूरला कोटणीसांच्या राहत्या घराचे स्मारक २०१२ च्या जानेवारीत खुले झाले. त्याच वर्षी २८ जून रोजी चिंगलान दालियान येथे वारली. वय ९६. सोलापूरला गेलात तर ते घर अवश्य पाहा, आणि पाहताना सोबतच्या मुलांना तिचे नाव सांगा.

आशा भगिनींना कर्मचाऱ्याचा दर्जा आणि किमान वेतन मिळावे, असा ठराव यानंतर मांडला जाणार आहे. तो वाचण्याचा मान आज व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांना न देता समोर बसलेल्या भगिनींपैकी एकीला द्यावा, अशी अध्यक्षांना विनंती करतो आणि माझी जागा घेतो.