हृदयापर्यंत चढलेली गाठ



मुलांचा कर्करोग म्हटला की रक्ताचा कर्करोग आठवतो. मी आज मूत्रपिंडातल्या गाठीबद्दल बोलणार आहे. तिचं नाव विल्म्स ट्यूमर. माक्स विल्म्स या जर्मन शल्यविशारदाने १८९९ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला.

बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालचे. मूल हसतंखेळतं असतं आणि अंघोळ घालताना आजीच्या हाताला पोटात एका बाजूला काहीतरी टणक लागतं. कधी लघवीतून रक्त जातं. अशी गाठ पुन्हापुन्हा दाबून पाहू नका. लगेच डॉक्टर गाठा.

मूत्रपिंडातली शीर पोटातल्या महाशिरेला मिळते आणि महाशीर थेट हृदयाच्या उजव्या बाजूला उघडते. वेल मांडवावर चढावा तशी काही मुलांत गाठ या वाटेने वर सरकते. शंभरातल्या एखाद्याच मुलात ती हृदयात शिरते. इकोच्या पडद्यावर तिचं टोक दर ठोक्याला झडपेपाशी हेलकावताना दिसतं. तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर जिवावर बेतू शकतं. ते चित्र पाहून आईवडील एकतर आशा सोडतात, नाहीतर ‘आजच्या आज काढून टाका’ म्हणतात.

मला सांगायचंय ते इथेच. आशा सोडू नका आणि घाईही करू नका. गाठ शिरेतून सलग वर गेली, एवढ्यावरून ती शरीरभर पसरली असं होत नाही. बहुधा आधी काही आठवडे केमो देतात: व्हिनक्रिस्टीन, अ‍ॅक्टिनोमायसिन, डॉक्सोरुबिसिन. गाठ आक्रसते, पुष्कळदा तिचं टोक हृदयातून खाली उतरतं आणि छाती उघडावी लागत नाही. नाहीच उतरलं, तर हार्ट-लंग मशीन लावून बालशल्यविशारद आणि हृदयशल्यविशारद मिळून ती काढतात. त्यानंतरही केमो आणि गरजेनुसार रेडिएशन असतंच.

श्रीमंत देशांत विल्म्सची दहातली नऊ मुलं वाचतात. आपल्याकडे औषधं तीच आहेत, मुंबईत टाटा रुग्णालयासारखी केंद्रंही आहेत. पण गावाकडचं कुटुंब कित्येक महिने मुंबईत राहणार कुठे? बापाची मजुरी बुडते, घरी दुसरं मूल वाट पाहत असतं. मग गाठ लहान झाली, मूल खेळू लागलं की उपचार अर्ध्यावर सुटतात आणि रोग उलटतो.

म्हणून तुमच्या मंडळाकडे एक मागणं आहे. देणगी द्याल तेव्हा औषधांसोबत या कुटुंबांच्या खोलीभाड्याचा, जेवणाचा, प्रवासाचाही विचार करा. उपचार पूर्ण होणं हेच या मुलांचं आयुष्य आहे.