नियमाआधीचा हिशेब
(एका व्याख्यानाचा संपादित भाग)



ऑक्टोबर २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एक लोकप्रिय नियम केला. बोलणे मध्येच तुटले, तर कंपनीने ग्राहकाला एक रुपया द्यावा, दिवसाला फार तर तीन. आपल्यापैकी अनेकांनी त्याचे स्वागत केले असेल; मीही केले होते. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. ग्राहकाकडील कारणांनीही कॉल तुटतात, असे प्राधिकरणाच्याच तांत्रिक टिपणात नमूद होते. आणि ते टिपण निघाले केव्हा? नियमानंतर, नोव्हेंबरात! आधी वरात, मग पत्रिका जुळवणे.

हेतू शुद्ध होता, यात शंका नाही. प्रश्न क्षमतेचा आहे. विधेयकासोबत वित्तीय ज्ञापन असते. पण ते सरकारी तिजोरीचा खर्च मोजते. किराणा दुकानदाराचे किती दिवस अर्ज भरण्यात जातील, लघुउद्योजकाला हिशेबनीस ठेवावा लागेल काय, हे त्यात येत नाही. ते मोजण्यास अर्थशास्त्र, सांख्यिकी आणि त्या व्यवसायाची प्रत्यक्ष जाण असलेली माणसे लागतात. खात्यांत ती कितीशी आहेत? शिवाय मसुदा लिहिणाऱ्यानेच त्याचे गुणदोष सांगावयाचे, म्हणजे परीक्षार्थीनेच उत्तरपत्रिका तपासण्यासारखे. अमेरिकेत १९८१ मध्ये रेगन यांच्या आदेशाने मोठ्या नियमांचा लाभ-व्यय लेखाजोखा अध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयाकडे तपासणीस जाऊ लागला. तपासणारा वेगळा, हे त्यातील मर्म.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. न्या. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०१३ मध्ये वित्तीय नियामकांसाठी अशा विश्लेषणाचा आग्रह धरला. ५ फेब्रुवारी २०१४ च्या केंद्रीय धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा आणि पर्यावरण, मूलभूत अधिकार व उपजीविका यांवरील परिणाम सांगावेत, असे ठरले. मात्र या धोरणाला कायद्याचे बळ नाही. मंत्रालयाला त्यातून कारणे नोंदवून सूट घेता येते. दिवाळखोरी मंडळाने मात्र २०१८ मध्ये आपल्या नियमनिर्मितीसाठी आर्थिक विश्लेषण स्वतःवर बंधनकारक करून घेतले.

आपल्या व्यवसायाशी संबंधित मसुदा यापुढे प्रसिद्ध होईल, तेव्हा त्यासोबत परिणामांचे टिपण आहे काय, एवढे पाहा. नसेल तर तीस दिवसांच्या आत लेखी विचारा. आणि असेल, तर त्यातील आकडे आपल्या वहीशी ताडून पाहा.