अध्यापकाचे स्थैर्य आणि न्याय



सातारा व सांगली जिल्ह्यांच्या शैक्षणिक इतिहासात १९१९ हे वर्ष संस्मरणीय आहे. त्या वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले. पुढे १९२४ साली साताऱ्यात निघालेल्या कर्मवीरांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला बसू लागली. विद्यार्थ्याला प्रवेश देताना दाखविलेली ही समदृष्टी अध्यापकाला सेवेत कायम करतानाही आपण दाखवितो काय, हा आज विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

या बाबतीत नियमांची उणीव नाही. खाजगी शाळांतील कायम रिक्त पदावर नेमलेल्या शिक्षकाचा परिवीक्षा काळ १९७७ च्या अधिनियमाने दोन वर्षांचा ठरविला. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी हा काळ एक वर्षाचा ठरविला. तो वाढवावयाचा झाल्यास वर्ष संपण्यापूर्वी स्पष्ट आदेश काढावा आणि काम समाधानकारक असल्यास पंचेचाळीस दिवसांत कायम केल्याचे पत्र द्यावे, असा दंडक घातला. बडतर्फीविरुद्ध दाद मागण्यासाठी न्यायाधिकरणाची तरतूदही आहे.

तथापि न्याय केवळ कलमांत नसतो. मूल्यमापनाच्या कसोट्या नेमणुकीच्या दिवशीच सांगितल्या आहेत काय? उणीव आढळल्यास ती वेळेवर व लेखी कळविली काय? नात्यागोत्याचा वा गटातटाचा विचार समितीच्या दाराबाहेर राहिला काय? यांची उत्तरे होकारार्थी असतील, तर नकारही अन्यायकारक वाटत नाही.

सर्वांत बिकट अवस्था तासिका तत्त्वावरील अध्यापकांची आहे. वर्षानुवर्षे तेच वर्ग, तेच विषय शिकवूनही त्यांच्या कामाचे मूल्यमापन कायम होण्यासाठी होतच नाही. ज्याच्या नावावर पदच नाही, त्याला परिवीक्षाही नाही. नियमित पदे वेळेवर भरणे हाच यावरील खरा उपाय होय.

जत किंवा माण तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा महाविद्यालयात येतो, तेव्हा त्याला दरवर्षी बदलणारा नव्हे, तर निर्धास्तपणे शिकविणारा गुरू हवा असतो. म्हणून प्राचार्यांनी शेरे लेखी व वेळेवर द्यावेत, अध्यापकांनी आपल्या कामाची नोंद ठेवावी आणि संस्थांच्या कारभारात असलेल्या पंचायत सदस्यांनी शिफारशीऐवजी नियमाचा आग्रह धरावा. कायम होणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तो केलेल्या कामाचा हक्क आहे, एवढेच नम्रपणे सांगून आपली रजा घेतो.