छोट्या विमानाची सामग्री

रेडिओच्या इशाऱ्यावर उडणारें लहान विमान बांधूं पाहणाऱ्यानें दुकानांत जाण्यापूर्वीं तराजू जवळ करावा. वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनीं १९३७ सालीं अमेरिकेंत ‘गफ’ नांवाचें असें विमान उडविलें. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारें ८ फूट होता. निर्वात नळ्यांचें ग्राहक यंत्र व बॅटऱ्या यांचें ओझें त्यास उचलावयाचें होतें. आज यंत्रें तोळ्यामाशांवर आलीं, तरी वजनाचा जाच सरलेला नाहीं.

बाल्साच्या दोन फळ्या दिसावयास सारख्या, पण एक दुसरीच्या दुप्पट जड असूं शकते. टणक फळी पंखाच्या तुळईस द्यावी, हलकी शेपटीस. शेपटी गुरुत्वमध्यापासून दूर असल्यामुळें तेथील एका ग्रॅमाची भरपाई करण्यास नाकाशीं दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात. बॅटरी शेवटीं बसवून तोल साधावा. म्हणजे सहसा शिसें भरण्याची पाळी येत नाहीं.

काटकसर करावी ती रंगांत व सजावटींत. ग्राहक यंत्र, तारा आणि सुकाणू हलविणाऱ्या मोटारी यांत नव्हे. इशारा तुटतांच पंख्याची मोटार थांबेल अशी योजना असावी व ती जमिनीवरच पारखून घ्यावी. मोडलेला पंख पुन्हां जोडतां येतो. खालीं खेळणाऱ्या मुलाचा गेलेला डोळा परत आणतां येत नाहीं.